धुरांडं उंच आहे, म्हणून गंधक मोकळं सोडायचं का?

इरईकाठ: डिसेंबर २०१५ मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदती सरकत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना एफजीडी, म्हणजे धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा, बसवण्यातून सूट मिळाली. धुरांड्याची उंची निकषात बसली की झालं. मी चंद्रपूरची. हिवाळ्यात पहाटे धुराचा पट्टा आडवा ताणलेला दिसतो. ऊन चढलं की तोच खाली उतरतो आणि घसा खवखवतो. हा कसला उपाय?

स्टॅक_मॉनिटरिंग: ताई, बारा वर्षं धुरांड्यांवर चढून नमुने घेतोय. सरसकट असं म्हणू नका. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं. उंचीलाही सूत्र आहे: तासाला जितके किलो वायू, त्याचा ०.३ घात गुणिले १४. १,००० किलोंना साधारण १११ मीटर. गरम धूर त्याच्याही वर चढतो. घसा खवखवतो त्यात रस्त्यावरची कोळशाची धूळ आणि शेगड्यांचा धूर किती, तेही बघा.

इरईकाठ: धूळ आहेच, नाकारत नाही. पण तुमचंच सूत्र घ्या. वायू दहापट झाला तर उंची फक्त दुप्पट लागते. आणि बाहेर पडणारा वायू एका किलोनेही कमी होत नाही! वीज केंद्राच्या फाटकावरच्या फलकावरचा आकडाही धुरांड्यातला, आमच्या अंगणातला नव्हे.

स्टॅक_मॉनिटरिंग: फलक धुरांड्याचाच असायला हवा. जास्तीची हवा मिसळून आकडा पातळ करता येऊ नये म्हणून तो ६ टक्के ऑक्सिजनवर आणून मोजतात. अंगणातल्या हवेचं मोजमाप वेगळं, ते मोजणारी केंद्रं वाढवा म्हणा. मी सही करतो. पण एफजीडीचा खर्च वीजबिलात येणार, शिवाय चुनखडी आणि पाणी लागणार. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं?

ओंटारियोहून: इथे कॅनडात, सडबरीच्या निकेल कारखान्याला १९७२ मध्ये ३८१ मीटरचं धुरांडं बांधलं. शहराची हवा सुधारली, पण वायू लांबवर जाऊन पडू लागला. पुढे कारखान्यातच वायू पकडायला लागल्यावर उत्सर्जन खरं घटलं; २०२० मध्ये ते धुरांडं बंदच केलं. वाटेत या वायूचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. दादा, तुमच्या सूत्रात ते कुठे येतात?

स्टॅक_मॉनिटरिंग: सल्फेट सूत्रात येत नाही, मान्य. तरी सगळ्या केंद्रांना एकच नियम लावणं मला पटत नाही.

इरईकाठ: मग निदान चंद्रपूरपुरतं बोला. हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांत आमचं नाव आहे, आणि अशा ठिकाणी प्रत्येक केंद्राचा वेगळा विचार करायचा असं सूट देणारी जुलै २०२५ ची तीच अधिसूचना सांगते. तुम्ही आत चढलेले आहात. जानेवारीतल्या पहाटे सहा ते दहाचे ताशी आकडे कसे वाचायचे, ते इथे लिहाल का?