लीड्सची गाडी नागपुरात आणावी की तिथंच विकावी? (कायद्यानं आणायचं म्हणतोय, जुगाड नको)

परतवारी
नऊ वर्षांनी लीड्स सोडून कायमचा नागपूरला येतोय. त्रिमूर्तीनगरचं घर आईनं रंगवूनही ठेवलंय. प्रश्न फक्त गाडीचा आहे. माझदा एमएक्स-5, दोन दारांची, छत उघडणारी, 1500 सीसी पेट्रोल, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. दोन वर्षांपूर्वी 27 हजार पौंडांना कोरी घेतली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. माझा एक सहकारी केप टाऊनहून इंग्लंडात राहायला आला, तो स्वतःची गाडी घेऊनच. बारा महिने देशाबाहेर राहिलेला आणि सहा महिने गाडी वापरलेली, एवढं दाखवलं की तिथं ना शुल्क ना व्हॅट. आपल्याकडे दोन वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला घरच्या सामानावर सवलत मिळते, पण कस्टम्स कायद्यात 'बॅगेज'ची व्याख्याच अशी की मोटारगाडी त्यात बसत नाही. फ्रिज माझा, पलंग माझा, मग गाडी काय शेजाऱ्याची? वापरलेल्या गाडीवर नव्या मालासारखा कर लावणं मला अन्याय वाटतो. आणायचं जवळपास ठरलंय. नागपूरला कंटेनर डेपो आहेच, तिथं उतरवून घेईन म्हणतो.

महालचा_पोट्ट्या
काहून बे भाऊ, डोकं फिरलं का? मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते, त्यात तू छत उघडून फिरशील? लोक रसवंतीवर थांबून तुले पाहतील. अन् गाडी अशी बुटकी का आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडच्या कडेला पोट घासून जाईन. पेट्रोलचं पाह्यलं का? इंग्लंडात 2021 पासून ई-10 आहे, म्हंजे दहा टक्के इथेनॉलवालं, इथं पंपावर ई-20, वीस टक्क्यांचं. तुह्या इंजिनला इथलं पेट्रोल पचते का ते आधी विचार.

परतवारी
पहाटे पाचला फुटाळा तलावाला चक्कर मारायला छत उघडंच बरं. आणि समृद्धी सुरू झाल्यापासून 701 किलोमीटर सरळ रस्ता आहे, तिथं पोट घासत नाही. ई-20 चा मुद्दा मात्र लिहून ठेवलाय.

जुना_क्लिअरिंगवाला
न्हावा शेवा बंदरावर बावीस वर्षं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सचे कागद) भरण्यात गेली, आता मानेवाड्याला निवांत असतो. तुमचा पहिलाच समज चुकीचा आहे म्हणून लिहितो.

वापरलेली गाडी नागपूरच्या डेपोत उतरत नाही. त्यासाठी बंदर एकच, मुंबई. नव्या गाडीला इतर दारं आहेत, जुनीला नाहीत. दुसरं, गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आत हवी. तिसरं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. इंग्लंडातल्या गाड्या मैल दाखवतात, तेव्हा तुमच्या तबकडीवर किलोमीटरचा आकडा आहे का ते आजच बघा. हेडलाइट डाव्या बाजूच्या वाहतुकीला जुळणारा हवा, ते तुमचं जमेल. तुम्ही स्वतः सलग दोन वर्षं बाहेर राहिलेले असावे लागता आणि गाडी किमान वर्षभर तुमच्या ताब्यात असावी लागते, तेही जमेल.

आता जिथं लोक अडकतात ते. गाडी आणखी किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक आहे हे दाखवावं लागतं, आणि त्या पाच वर्षांत तिची देखभाल देशात होईल याची हमी तुम्हीच द्यायची असते. माझदाची एकही शोरूम भारतात नाही. हमी कोणाच्या भरवशावर लिहून देणार? शिवाय बंदरावर उतरल्यावर, कस्टम्सनं सोडण्याआधी, गाडीची चाचणी होते. ती करणाऱ्या सरकारमान्य संस्था तीन: पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई नाहीतर मध्य प्रदेशातल्या बुदनीची. (बुदनी आपल्याला जवळ म्हणून खूश होऊ नका, गाडी तर मुंबईत उभी असणार.) तारीख मिळेपर्यंत ग्राउंड रेंट, म्हणजे यार्डातल्या जागेचं भाडं, चढत राहतं. एका गृहस्थांची गाडी मी पावसाळाभर यार्डात पाहिली आहे. सीटवर बुरशी आली होती.

परतवारी
काका, डेपोचं मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. कराचं कसं धरतात?

जुना_क्लिअरिंगवाला
तुमचं जुनं बिल धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. दोन वर्षं पूर्ण म्हणजे 28 टक्के गेले. 27 हजारांचे साडेएकोणीस हजारांच्या आसपास राहतात. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवा. आजच्या भावानं 24 लाख धरू.

वापरलेल्या गाडीवर कस्टम्स आणि त्यावरचा उपकर मिळून 137.5 टक्के. 2025 च्या अर्थसंकल्पात मूळ दर 125 वरून 70 वर आणला म्हणून लोक नाचले होते, पण त्याच दिवशी वेगळा उपकर लावून बेरीज होती तिथंच ठेवली. म्हणजे 33 लाख. झाले 57. त्यावर जीएसटी. तुमची गाडी चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन 1200 सीसीच्या वर, म्हणून 18 नाही, 40 टक्के. आणखी जवळजवळ 23. गाडी बंदराच्या फाटकाबाहेर येईस्तोवर 80 लाख. मग आरटीओ. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर 20 टक्क्यांनी लागतो, 16 लाख त्याचे. एमएच 31 ची पाटी लागेपर्यंत कोटीला चार लाख कमी.

महालचा_पोट्ट्या
😂 राजे हो, एक कोटीत मी मानकापूरला फ्लॅट घेईन अन् खाली स्कुटी लावीन.

प्रतापनगर_ऑडिट
हसण्यावारी नेऊ नका, कर योग्यच आहे. परतवारी यांनी इंग्लंडचं उदाहरण दिलं, पण इंग्लंडला जगाच्या भंगाराची भीती नाही. केनियात आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या गाड्या आणता येतात, तिथले रस्ते जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्यांनी भरलेत. न्यूझीलंडमध्येही तेच, फरक एवढाच की तिथं स्वतःचा कारखाना उरला नाही. आपल्याकडे पुण्याजवळ चाकण आहे, संभाजीनगरची ऑरिक औद्योगिक वसाहत आहे, हजारो पोरं तिथं कामाला जातात, त्यात विदर्भातलीही कमी नाहीत. पौंडात कमावलेल्या माणसाची हौस स्वस्तात पुरवायची जबाबदारी त्यांची का?

परतवारी
भंगार थांबवायला तीन वर्षांची अट आहे ना? ती पुरेशी आहे. मी बारा वर्षांची खटारा आणत नाहीये. वयाची अट वेगळी, चाचणी वेगळी, त्यावर 137 टक्के वेगळे. एकाच शेताला तीन कुंपणं कशाला? चाकणच्या पोराचं माझ्या एका गाडीनं काय बिघडतं? ही गाडी तिथं बनतही नाही.

प्रतापनगर_ऑडिट
एका गाडीनं काही बिघडत नाही. पण तुम्ही विसरताय की परतणाऱ्यांना गाडी आणायची मुभा दिली तेव्हा काय झालं. परतणाऱ्या माणसाचं नाव आणि पासपोर्ट वापरून दुसऱ्याच शेठच्या महागड्या गाड्या आणायचे लोक. नाव गल्फमधल्या सुताराचं, चावी बिल्डरकडे. अशा भानगडी महसूल गुप्तचर खात्यानं वर्षानुवर्षं खणल्यात. कर कमी करा, पुन्हा तेच होईल. आत्ता आत्ताचं बघा, सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सनं ऑपरेशन नुमखोर केलं, भूतानमार्गे घुसवलेल्या गाड्या शोधायला. चित्रपटातल्या लोकांच्या घरापर्यंत गेले होते.

जरीपटका_दुबई
मी तर आणूच शकलो नाही, आणि मला त्याचंच जास्त दुःख. दुबईतली माझी लँड क्रूझर डाव्या स्टिअरिंगची. आयातच बंद. एजंटनं सांगितलं, "स्टिअरिंग बदलून देतो साहेब, कागदं पण करून देतो." हात जोडले आणि विकून टाकली. गंमत म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 मध्ये डाव्या स्टिअरिंगची गाडी इशाऱ्याचं यंत्र असलं तर चालवता येते. चालवायला चालते, आणायला चालत नाही!

जुना_क्लिअरिंगवाला
चालवण्याचा कायदा एका खात्याचा, आणण्याचा दुसऱ्याचा. त्या दोघांची भेट फक्त तुमच्या फायलीत होते.

मेधा_गोकुळपेठ
मला एक उलटी बाजू मांडायची आहे. माझा भाऊ टेक्सासला आहे, त्याला बाबांची 1996 ची टाटा सिएरा तिकडे न्यायची आहे. आधी मला वाटलं, जुनी गाडी कोण घेणार? तर अमेरिकेत गाडी 25 वर्षांहून जुनी असली की तिथल्या सुरक्षा मानकांतून सुटते, धुराच्या नियमाला 21 वर्षं पुरतात. 1988 चा कायदा आहे तो. म्हणजे त्यांना जुनी चालते आणि नवी परदेशी नको, आपल्याला नवी चालते आणि जुनी नको. दोघंही आपापल्या कारखान्यांना सांभाळताहेत. मग फक्त आपल्यालाच अन्यायी कशाला म्हणायचं? परतवारी, राग मानू नका, पण तुम्हाला अन्याय वाटतोय तो बिल पाहून वाटतोय.

परतवारी
मेधाताई, राग नाही. पण बिल पाहून वाटलेला अन्याय खोटा कसा? सचिनच्या फेरारीच्या वेळी आख्खा देश चिडला होता ना? सरकारनं 1 कोटी 13 लाखांचं शुल्क माफ केलं 2003 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, शेवटी फियाटनं पैसे भरले. तेव्हा कोणीच विचारलं नाही की भेट मिळालेल्या एका गाडीवर एवढं शुल्क मुळात का असावं.

प्रतापनगर_ऑडिट
विचारलं नाही कारण लोकांना नियम सगळ्यांना सारखा हवा होता, सचिनलासुद्धा. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं साक्ष देतंय.

जरीपटका_दुबई
ब्रिटनशी करार झालाय ना जुलै 2025 मध्ये? गाड्यांचं शुल्क 10 टक्क्यांवर येणार म्हणे.

जुना_क्लिअरिंगवाला
ते कोट्यात, आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांना. यांची माझदा हिरोशिमात बनते. लीड्सला विकली म्हणून ती इंग्रज होत नाही.

परतवारी, एक विचारायचं राहिलं. दोन वर्षं म्हणता ती खरेदीची की बनल्याची? नियम बनल्याची तारीख बघतो.

महालचा_पोट्ट्या
काका मुद्द्यावर आले. पोट्टं गप्प झालं पाह्य.

परतवारी
गप्प नाही, गॅरेजमध्ये होतो. कागदावर नोंदणी दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वीची आहे. पण डीलरला चासी नंबर पाठवून विचारलं, तर गाडी त्याच्याकडे येण्याआधीच बनून आठ महिने झाले होते. म्हणजे आज दोन वर्षं दहा महिने. आमचं सामान निघणार पुढच्या महिन्याअखेर, आणि तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घातला तर जहाज मुंबईला लागेपर्यंत तीन वर्षं उलटतील.

मेधा_गोकुळपेठ
अरे. म्हणजे कराचा वाद घालायचंही कारण उरलं नाही.

परतवारी
कराबद्दल मत बदललेलं नाही माझं. गाडी इथंच विकतोय, रविवारी एक जण बघायला येणार आहे. काका, शेवटचा प्रश्न: गिअरची मूठ काढून आणली तर? लाकडी आहे, मी वेगळी बसवली होती. ती तरी बॅगेजमध्ये बसते का?

जुना_क्लिअरिंगवाला
बसेल. बिल जवळ ठेवा.

महालचा_पोट्ट्या
अन् ये मंग. तर्री पोहे माह्याकडून.