26 नंबरला नारळ?

वुडब्रिजकर (6 मार्च 2024)

आपल्या न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा 26 नंबरचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, सॅक्वॉन बार्कली. टॅग लावला की संघ करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष धरून ठेवू शकतो. काल त्या टॅगची मुदत संपली आणि 'हिशेबनीस' यांनी लगेच लिहिलं, "दुसऱ्यांदा टॅग लावला नाही हे उत्तम झालं. भावनेत अडकू नका. बार्कलीला नारळ द्या आणि ड्राफ्टमधून (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीतून) स्वस्तात नवा पोरगा आणा." रात्री उत्तर लिहायला बसलो, पण डोकं इतकं तापलं होतं की फोन ठेवून दिला. आज लिहितोय.

2018 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा. पहिल्याच वर्षी धावून आणि झेलून मिळून 2,028 यार्ड. तेव्हापासून तीन मुख्य प्रशिक्षक झाले, समोरच्यांना अडवणारी पुढची लाइन एकदाही धड उभी राहिली नाही. गेल्या मोसमात आपले क्वार्टरबॅक (बॉल फेकणारे) 85 वेळा सॅक झाले, म्हणजे बॉल फेकायच्या आतच पाडले गेले, पंच्याऐंशी! त्या लाइनमागून याने 14 सामन्यांत 962 यार्ड काढले. आदल्या मोसमात 1,312. मिनेसोटात जाऊन 11 वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकलो, त्यात दोन टचडाउन याचे. त्यानंतर क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे 160 मिलियन मिळाले आणि याच्या गळ्यात 10 मिलियनचा एका वर्षाचा टॅग.

नोव्हेंबर 2022 मध्ये माझे वडील साताऱ्याहून आले होते. त्यांना टेक्सन्सच्या सामन्याला नेलं. नियम काही कळत नव्हते, कानटोपी घालून दोन्ही हातांत कॉफीचा कप धरून बसले होते. बार्कलीने त्या दिवशी 35 वेळा बॉल नेला, 152 यार्ड. तिसऱ्या क्वार्टरपासून अण्णा दर खेळीआधी विचारायला लागले, "सव्वीसकडे देणार ना?" चार माणसं अंगावर घेऊन तो पुढे दोन पावलं सरकला की ते उठून उभे राहायचे. ते जाऊन वर्ष झालं. त्यांचा 26 नंबरचा टीशर्ट घरात आहे. त्यामुळे मला हिशेब शिकवताना जरा जपून.

हिशेबनीस

वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण 35 वेळा नेला हे तुम्ही कौतुकाने सांगताय, तोच माझा मुद्दा आहे. पुढच्याच रविवारी लायन्सविरुद्ध त्याच मैदानावर 15 वेळा नेऊन 22 यार्ड. शरीर आहे ते. घोटा, गुडघा, पुन्हा घोटा, आणि आता 27 पूर्ण.

इतर रनिंग बॅक बघा. डॅलसने 2019 ला एलियटला सहा वर्षांचे 90 मिलियन दिले, गेल्या मार्चमध्ये सोडून दिलं. रॅम्सनी गर्लीशी 2018 ला करार केला, दोन वर्षं व्हायच्या आत तो बाहेर. आणि आपल्या रटगर्स विद्यापीठाचा पचेको ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, सातव्या फेरीत गेला, दोन मोसम खेळला आणि दोन सुपर बोल जिंकून बसला. आपला जुना रनिंग बॅक टिकी बार्बर 2006 नंतर थांबला तेव्हाही लोक रडत होते. पुढच्याच मोसमात आपण सुपर बोलमध्ये पेट्रियट्सना 17-14 हरवलं.

वुडब्रिजकर

पचेकोच्या शेजारी माहोम्ससारखा क्वार्टरबॅक उभा असतो! आपल्याकडे जोन्स, तोही फाटलेला गुडघा घेऊन. आणि रनिंग बॅक मॅकॅफ्री वर्षाला 16 मिलियन घेतो, तो संघ गेल्याच महिन्यात फायनल खेळला, ते का नाही लिहिलंत? कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, 255.4 मिलियन झालीय. दुसरा टॅग साधारण 12.1 चा होता. पाच टक्केसुद्धा नाही.

ट्रेंटनचा_बाप्या

दोघंही मालकाच्या खुर्चीत बसून बोलताय. मी एका कंपनीत 16 वर्षं काढली. मुलीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा सर्व्हर बघत होतो. एका मंगळवारी सकाळी 15 मिनिटांचा कॉल आला, दुपारी लॅपटॉप परत नेणारा माणूस दारात. तेव्हा बार्कली निष्ठेने थांबेल, कमी पैशात राहील असं कुणी म्हणू नका. गेल्या जुलैत सगळे रनिंग बॅक एका झूम कॉलवर बसले होते, पगाराच्या रडगाण्यासाठी. मार त्यांनीच खायचा आणि भाव सगळ्यात कमी त्यांनाच. जो जास्त देईल त्याच्याकडे त्याने जावं.

मातीतला_गडी

तुम्ही सगळे पगारावर भांडताय, मैदानाबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या मेटलाइफ स्टेडियमवर ते टर्फ, ते प्लॅस्टिकचं गवत आहे तोवर कुठलाही पळणारा गडी तिथे टिकायचा नाही. 2020 मध्ये बोसाचा गुडघा तिथेच गेला. 2022 ला शेपर्ड, अंगाला कुणी हात लावलेला नसताना. गेल्या सप्टेंबरमध्ये जेट्सच्या रॉजर्सची टाच चौथ्या खेळीला. आणि आता 2026 च्या सॉकर वर्ल्ड कपची फायनल तिथे होणार, त्यासाठी मात्र खरं गवत अंथरणार! पाहुण्यांना गवत, घरच्यांना चटई.

मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो. लाल मातीत हळद, ताक, तेल घालून ती रोज उकरायची, मगच अंग टाकायचं. माती पायाला सोडते. मॅट धरून ठेवते. गुडघा तिथेच पिरगळतो.

एडिसनची_काकू

शंभर टक्के. माझा मुलगा शाळेच्या टर्फवर फुटबॉल खेळताना वळला आणि खाली बसला. जवळपास कुणीही नव्हतं. एसीएल, गुडघ्यातला लिगामेंट. नऊ महिने त्याला जिना चढताना बघितलंय, एकेक पायरी. शाळेचं म्हणणं काय, तर टर्फला देखभाल लागत नाही. मुलांना लागते त्याचं काय?

हिशेबनीस

काकू, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण गडी, विषय बार्कलीचा आहे ना? मग नीट बघा. 2020 ला त्याचा गुडघा शिकागोत गेला, गवतावर. बोसाचाही त्याच रविवारी गेला. 2019 चा घोटा टँपाला, गवतावर. गेल्या वर्षीचा ॲरिझोनात, तेही गवत. 2021 ला डॅलसच्या टर्फवर समोरच्याच्या पावलावर पाय पडून मुरगळला. मेटलाइफने त्याचं काय बिघडवलं?

आणि जुन्या जायंट्स स्टेडियममध्ये 2000 ते 2002 खरं गवत घालून बघितलं होतं. नाही टिकलं. जायंट्स आणि जेट्स, दोन संघ एकाच मैदानावर नाचणार तर कसं टिकेल?

मातीतला_गडी

पिट्सबर्गला स्टीलर्स आणि तिथल्या विद्यापीठाचा संघ एकाच गवतावर खेळतात. तिथली थंडी आपल्यापेक्षा कमी आहे का? इच्छा नाही म्हणा सरळ. खेळाडूंची संघटना ओरडून ओरडून सांगतेय. तुम्हाला आकडे तोंडपाठ आहेत, पण एकदा तरी त्या टर्फवर अनवाणी उभे राहिलात का? ऑगस्टच्या उन्हात ते तव्यासारखं तापतं.

हिशेबनीस

वैयक्तिक होऊ नका. मी तेरा वर्षं तिकिटं घेतोय, घरात बसून बोलत नाही.

एडिसनची_काकू

वैयक्तिक आहेच हे. माझ्या मुलाचा पाय आहे.

फिली_पश्या (8 मार्च)

गवताचं भांडण चालू द्या. मला एवढंच सांगायचंय की बार्कली आमच्याकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे येतोय. लीहाय व्हॅलीत वाढलेला, पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला पोरगा, घर आमच्या स्टेडियमपासून तासाभरावर. आणि आमच्याकडे लाइन आहे.

वुडब्रिजकर

पश्या, तुझ्या ईगल्सच्या मॅनेजर रोझमनने रनिंग बॅकवर आजवर कधी पैसे ओतलेत? तुमच्याच रनिंग बॅक स्विफ्टने हजारावर यार्ड काढले, त्यालासुद्धा धरून ठेवत नाहीयेत. उगाच जखमेवर मीठ चोळू नकोस.

हिशेबनीस, दुखापतींचा मुद्दा मान्य. टर्फने त्याचं नुकसान केलं असं म्हणता येणार नाही. पण 27 म्हणजे म्हातारा हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

हिशेबनीस

मग मीही एक मान्य करतो. जोन्सला 160 दिले नसते तर हा प्रश्नच आला नसता. पैसे चुकीच्या माणसावर गेले. त्याचं प्रायश्चित्त मात्र दुसऱ्या मोठ्या करारात नाही.

फिली_पश्या (11 मार्च)

ईगल्स. तीन वर्षं, 37.75 मिलियन.

ट्रेंटनचा_बाप्या

शाब्बास पोरा. चांगले पैसे घेतलेस.

हिशेबनीस

सोडावा असं मीच म्हणत होतो. पण या संघाकडे? वर्षातून दोनदा समोर? इतकं कुणी बोललं नव्हतं. हे व्हायला नको होतं.

वुडब्रिजकर

बातमी वाचली तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. दहा मिनिटं गाडीतून उतरलो नाही. अण्णांचा टीशर्ट कपाटात आहे तिथेच राहील. दुसऱ्या रंगाचा घेणार नाही आणि हाही टाकणार नाही.

मातीतला_गडी

फिलाडेल्फियाच्या मैदानावर गवत आहे, अण्णांच्या सव्वीसला निदान पायाखाली माती मिळेल.