डबाबंद सूप रोज रात्री चालेल का? जेवणाऐवजी घेतेय सध्या

रातराणी:
नमस्कार मंडळी, सध्या माझी रात्रपाळी आहे आणि घरी मी एकटीच, त्यामुळे परत आल्यावर गॅससमोर उभं राहायचं त्राणच नसतं. म्हणून सूपचे कॅन आणून ठेवलेत, एक फोडायचा, गरम करायचा, पिऊन झोपायचं, बहुतेक दिवस हेच चाललंय. बहीण म्हणते त्यात नुसते प्रिझर्व्हेटिव्ह असतात, आधी बंद कर. मैत्रीण म्हणते बाहेरचं तळलेलं खाण्यापेक्षा कधीही बरं. आत्ता हातात जो कॅन आहे त्यावर कॅलरी १२०, प्रोटीन ३ ग्रॅम, फायबर २ ग्रॅम, सोडियम ७९० मिग्रॅ असं आहे. १२० कॅलरी म्हणजे हलकंच झालं ना, मग बिघडतं कुठे? विचारायचं कारण म्हणजे आमच्याकडे बीपी आहे, आईला चाळिशीतच गोळी सुरू झाली. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज, 'सगळं प्रमाणात खावं' एवढंच नको.

अनुजा_आहार:
रातराणी, सोडियमच्या आधी त्याच लेबलवर सगळ्यात वरची ओळ वाच बरं. सर्व्हिंग एक कप, म्हणजे साधारण २४० मिली, आणि शेजारी बारीक अक्षरात 'एका कॅनमध्ये सुमारे २ सर्व्हिंग' असं काहीतरी असणार. तू अख्खा कॅन पितेस ना, मग तुझे आकडे दुप्पट झाले. सोडियम १५८०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला २००० मिग्रॅच्या आत राहा म्हणते, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, जेमतेम एक सपाट छोटा चमचा. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे तुझ्या एका वाडग्यात जवळजवळ ४ ग्रॅम मीठ आलं आणि दिवसभरात बाकी जे खाल्लंस ते अजून मोजलेलंच नाही! घरात बीपी असताना मला हाच एक मुद्दा खरा काळजीचा वाटतो, बाकी सगळं दुय्यम आहे.

दुसरं म्हणजे उलट बाजू. दुप्पट करूनही कॅलरी २४० आणि प्रोटीन ६ ग्रॅमच, हे रात्रभर काम करून आलेल्या माणसाचं जेवण नाही गं. मग तासाभराने भूक लागते आणि हात बिस्किटांकडे जातो.

उकळी:
बहिणीच्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल बोलतो कारण हा गैरसमज फार खोल रुजलाय. कॅनमधलं सूप टिकतं ते उष्णतेमुळे. हवाबंद केलेला कॅन दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यात बोटुलिझम म्हणजे जीवघेण्या अन्न-विषबाधेच्या जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा मरतात, आणि एकदा आत काही जिवंत उरलं नाही आणि बाहेरून काही शिरलं नाही की खराब व्हायला कारणच नाही. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच माणसाने ही पद्धत १८१० मध्ये पुस्तकात मांडली, तो काचेच्या बाटल्या वापरायचा, आणि जंतूंमुळे अन्न नासतं हे तेव्हा कोणाला माहीतही नव्हतं.

मीठसुद्धा टिकवण्यासाठी नाही, चवीसाठी असतं. बिनमिठाचे कॅन पण तसेच टिकतात, म्हणजे कंपन्यांना मीठ कमी करता येतं, त्या करत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

उष्णतेने क जीवनसत्त्व आणि बी१ बऱ्यापैकी कमी होतं हे खरं. पण फायबर, प्रोटीन, खनिजं राहतात, आणि टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, तर शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं. त्यामुळे विष वगैरे काही नाही.

काचेची_बरणी:
कॅनच्या आतल्या अस्तराचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. त्या अस्तरात बीपीए नावाचं रसायन वर्षानुवर्षं वापरत आलेत. हार्वर्डच्या लोकांनी २०११ मध्ये ७५ जणांवर प्रयोग केला होता, पाच दिवस रोज एक वाटी कॅनमधलं सूप आणि पाच दिवस ताजं, तर कॅनवाल्या आठवड्यात लघवीतलं बीपीए दहापटीहून जास्त होतं. युरोपियन युनियनने २०२४ च्या शेवटी अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये त्यावर बंदीचा निर्णय घेतला. बऱ्याच कंपन्यांनी अस्तर बदललंय, कॅनवर 'बीपीए नाही' असं लिहिलेलं असतं. मी तर सरळ कागदी खोक्यातलं नाहीतर काचेतलं घेते.

अनुजा_आहार:
बरणीताई, अभ्यास बरोबर आहे, फक्त त्यात लघवीतलं प्रमाण मोजलं होतं, कोणी आजारी पडलं का ते नव्हतं बघितलं. पर्याय असेल तर काच उत्तमच. पण खोक्यातल्या सूपमध्ये मीठ कमी असतं असं अजिबात नाही हं, तिथेही लेबल वाचायलाच लागतं.

रातराणी:
बापरे, खरंच लिहिलंय, सुमारे २ सर्व्हिंग! इतके दिवस फक्त आकडेच वाचत होते. मग मी दुप्पट पाणी घालून पातळ केलं तर खारटपणा कमी होईल ना? आणि दुकानात 'रिड्यूस्ड सोडियम' लिहिलेले पण दिसतात, ते आणू का सरळ?

अनुजा_आहार:
पाण्याने चव कमी खारट लागेल, पण सगळं प्यायलीस तर मीठ तेवढंच पोटात जाणार. डबाबंद कडधान्यांचं पाणी टाकून धुऊन घेतलं की बरंच मीठ निघून जातं, सूपला तशी सोय नाही. त्यापेक्षा अर्धाच कॅन घे आणि त्यात बिनमिठाच्या फ्रोजन भाज्या, उकडलेलं कडधान्य किंवा फेटलेलं अंडं घालून उकळ, वरून मीठ घालायचं नाही. सोडियम ७९० वर येतं, प्रोटीन वाढतं, पोट भरतं, आणि वेळ लागतो सात-आठ मिनिटं. आंबटपणासाठी लिंबू पिळलंस तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही, वर थोडं क जीवनसत्त्वही मिळतं.

लेबलचं म्हणशील तर अमेरिकी नियमात 'रिड्यूस्ड' म्हणजे नेहमीच्या मालापेक्षा किमान २५ टक्के कमी, एवढंच. मूळ ८०० असेल तर हे ६००, अजूनही भरपूर. 'लो सोडियम' लिहायला मात्र एका सर्व्हिंगला १४० किंवा त्याहून कमी लागतं. दोन कॅन शेजारी धरून १०० ग्रॅममागचा आकडा असेल तर तोच ताडून बघ, सर्व्हिंग प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो. आणि क्रीमवाल्यापेक्षा कडधान्य आणि भाज्यांचं निवड.

उकळी:
कमी सोडियमवाल्यात एक गोष्ट बघा, काहींमध्ये मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. तुम्हाला चालेल, पण किडनीचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तेव्हा आईला देण्याआधी तिची गोळी कुठली आहे ते विचारून घ्या.

रातराणी:
हे माहीतच नव्हतं, आईला आजच फोन करते. अर्धा कॅनवाली आयडिया जमण्यासारखी आहे. उरलेला अर्धा तसाच कॅनसकट फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो का?

उकळी:
काचेच्या डब्यात काढून झाकण लावून ठेवा, उघड्या कॅनमध्ये धातूची चव उतरते, आंबट सूप असेल तर जास्तच. तीन-चार दिवसांत संपवायचं आणि घेताना चांगली उकळी आणायची. आणि न फोडलेला कॅन फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला दिसला तर चव घेऊनसुद्धा बघू नका, फेकून द्या.