टेकड्या, ओढे, खोरी यांवरची पुस्तकं ना नफा संस्थांनीच काढावीत का?

मुठेकाठचा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की जे पुस्तक स्वतःच्या विक्रीवर उभं राहत नाही ते छापूच नये, कागद वाया. मला हे अजिबात पटलेलं नाही, निदान जागेबद्दलच्या पुस्तकांबाबत तरी नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय.

गडकिल्ल्यांच्या गाइडबद्दल बोलत नाहीये, ती खपतात आणि खपावीत. मी म्हणतोय ते असं पुस्तक की ज्यात एकच ओढा किंवा एकच खोरं घेतलंय आणि तिथला खडक, पाणी, वस्ती, वहिवाटीच्या वाटा, कोणाची शेतं कुठे होती आणि कशी गेली हे सगळं नकाशांसकट मांडलंय. आपला पुण्यातला आंबील ओढाच घ्या ना. कात्रजच्या डोंगरातून येतो, नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधून नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणलं, खाली पर्वतीपाशी याच ओढ्याच्या पाण्याचं तळं झालं आणि त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. मग शहर वाढलं, दोन्ही काठांवर सोसायट्या आल्या, पात्र आक्रसलं आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाणी घराघरात शिरलं तेव्हा ओढ्याकाठीच राहणारे लोक विचारत होते की एवढं पाणी आलं कुठून. माहिती नव्हती असं नाही हो, थोडी गॅझेटियरमधे, थोडी पेशवे दफ्तरात, थोडी शहराच्या विकास आराखड्याच्या (डीपी) नकाशात आणि बरीचशी म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात होती. एकत्र कोणी केली नव्हती, कारण ते काम दोन-तीन वर्षांचं आहे आणि त्याचे पैसे कोण देणार.

हिशोब बघा. समजा नकाशे घातलेलं, बऱ्यापैकी छापलेलं 600 रुपयांचं पुस्तक, 500 प्रती. विक्रेते-वितरक मिळून 40-50 टक्के जातात, हातात 300 धरा, म्हणजे शेवटची प्रत विकली तरी दीड लाख. छपाईतच बहुतेक संपले. फिरणं, मुलाखती, नकाशा काढणारा माणूस, संपादन, सूची, याला उरलं काय? म्हणून खाजगी प्रकाशक हात लावत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही.

अमेरिकेत जे. बी. जॅक्सन यांनी 1951 मधे 'लँडस्केप' नावाचं मासिक काढलं, त्यात साधे रस्ते, घरं, शेतं यांच्याकडे बघायला शिकवलं. पुढे 1990 मधे सेंटर फॉर अमेरिकन प्लेसेस ही ना नफा संस्था निघाली, भूगोल आणि जागा याच विषयाला वाहिलेली, आणि युनिव्हर्सिटी प्रेसना बरोबर घेऊन तिने पुस्तकं काढली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे, भांडारकर प्राच्यविद्या संस्था 1917 पासून. इतिहासासाठी आपण संस्था उभ्या केल्या, त्यांना देणग्या दिल्या. मग ओढे, टेकड्या, खोरी यांच्यासाठी एक का नको?

अबचौकातला

मी पुस्तकविक्रीत आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

ना नफा म्हटलं की पुस्तक विकायची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे मी डोळ्यांनी बघतोय. अनुदान आलं, प्रकाशन समारंभ झाला, शाली दिल्या, गठ्ठे ऑफिसच्या माळ्यावर. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन विचारतं आणि मला प्रत मिळत नाही, कारण संस्थेचा माणूस दुपारी दोन ते चारच असतो आणि बिलबुक ज्याच्याकडे आहे तो रजेवर असतो. खाजगी प्रकाशकाचे पैसे अडकलेले असतात म्हणून तो दारोदार फिरतो आणि वाचकापर्यंत पुस्तक त्या फिरण्याने पोचतं.

आणि मोठी कामं देणगीशिवाय होतच नाहीत हे तर इथे पुण्यात बसून बोलूच नका. केतकरांनी ज्ञानकोश काढला तो लिमिटेड कंपनी काढून, शेअर विकून, गावोगाव फिरून आगाऊ गिऱ्हाईकं नोंदवून. तेवीस खंड झाले! ज्याने आधी पैसे भरलेत तो पुस्तकाची वाट बघतो. तुमच्या ओढ्याच्या पुस्तकाला काठावरच्या सोसायट्यांमधून 300 आगाऊ नोंदण्या मिळत नसतील तर त्या पुस्तकाची गरज लोकांना वाटत नाहीये हे मान्य करा, आणि मिळत असतील तर ट्रस्ट कशाला हवा?

टपालाचं मात्र खरंच दुखणं होतं. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर 2024 मधे बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांचं कंबरडंच मोडलं. आता 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100, त्यामुळे थेट वाचकाला पाठवणं परत जमायला लागलंय. वितरकाला निम्मे द्यायचेच हे तुमच्या हिशोबातलं गृहीतक मग राहत नाही.

ऋजुता_कोथरूड

मला मुळात पुस्तक का हेच कळत नाही. 1885 चं पूना गॅझेटियर, तिन्ही भाग, आज फुकट ऑनलाइन वाचता येतं. विश्वकोश फुकट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट उतरवून घेता येतात, फेब्रुवारी 2021 च्या धोरणानंतर भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशे करायला आधी परवानगीही लागत नाही. लोकांकडून पैसे गोळा करायचेच असतील तर ते एका खुल्या नकाशावर घाला, ज्यात ओढ्याकाठचा माणूस स्वतः फोटो टाकेल, जुनी विहीर दाखवेल, चूक दुरुस्त करेल. पुस्तक छापलं की ते त्या दिवशी गोठलं, आणि इथे तर मुळा-मुठेच्या 44 किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं काम चाललंय, दर सहा महिन्यांनी काठ वेगळा दिसतो. 500 प्रतींत तो कसा पकडणार तुम्ही?

मुठेकाठचा

ऋजुता, खुला नकाशा हवाच, माझा विरोध नाही. पण टोपोशीट 1:50,000 ची आहे, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. त्यात ओढ्याचं वळण दिसेल, भिंत कुठे घातली आणि पात्र किती फूट आत ढकललं हे दिसणार नाही. त्यासाठी माणूस टेप घेऊन चालला पाहिजे, सिटी सर्व्हेचे उतारे काढले पाहिजेत. वेबसाइट असो की पुस्तक, खर्च इथे आहे, आणि हा खर्च फुकटच्या उत्साहावर वर्षभरसुद्धा चालत नाही. शिवाय गोठणं हा मला दोष वाटतच नाही. काठ दर सहा महिन्यांनी बदलतोय म्हणूनच अमुक साली तो असा होता हे कुठेतरी पक्कं लिहिलेलं हवं. 1885 च्या गॅझेटियरचा आपल्याला आज उपयोग होतो तो याच कारणाने. आणि ते काढलं कोणी, तर सरकारने, स्वतःच्या कारभारासाठी, सरकारी पैशाने. विक्रीच्या जिवावर तेही उभं राहिलं नसतं.

आगाऊ नोंदणी करूच. पण केतकरांच्या ज्ञानकोशाला सगळा महाराष्ट्र गिऱ्हाईक होता, मोसे खोऱ्यावरच्या पुस्तकाला कोण? तिथली गावं वरसगाव धरणाच्या पाण्यात गेली, माणसं पांगली. ज्यांचं पुस्तक आहे तेच नोंदणीला सापडणार नाहीत. गरज नाही असं कसं म्हणायचं मग?

कानदखोरे

मी वेल्ह्याकडचा, आता नोकरीला पुण्यात. तुम्ही सगळे पैसे कुठून येणार यावर भांडताय, मला पुस्तकच कोणाच्या भल्याचं हे विचारायचंय.

आमच्या खोऱ्यावर कोणी काही छान लिहिलं की पुढच्या पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. देवराईपर्यंतची वाट, उन्हाळ्यातही पाणी असलेलं टाकं, कड्याखालचा झरा, हे आम्हाला माहीत असतं आणि एकमेकांना सांगायचं असतं. छापून आलं की प्लॉटिंगवाले एजंट ते सातबाऱ्याबरोबर फिरवतात, 'निसर्गरम्य', 'बारमाही पाणी'. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता की नाही याने काय फरक पडतो? संस्था ना नफा असेल, पण जमिनीचे भाव वाढवून नफा दुसराच कोणीतरी खातो, आणि आमच्या म्हाताऱ्यांनी मात्र चहा पाजून सगळं फुकट सांगितलेलं असतं.

जैवविविधता कायदा 2002 चा, त्यात गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलची माहिती यांच्या नोंदी, करायच्या होत्या. कल्पना चांगली होती कारण वही गावाची, काय उघड करायचं ते गावाची समिती ठरवणार. बऱ्याच ठिकाणी कोणीतरी बाहेरचा येऊन भरून गेला, गावाला पत्ता नाही. तुमच्या ट्रस्टमधे आमच्या खोऱ्यातला एक तरी माणूस विश्वस्त असणार आहे का, आणि त्याने नको म्हटलं तर पान गाळणार का? हे लेखी देणार असाल तर पुढे बोलू.

ताळेबंद

ट्रस्टचे हिशोब करून केस पांढरे झालेत म्हणून लिहिते.

मुठेकाठचा, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट नोंदवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते पुढे. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, एकाने हरकत घेतली की तो वर्षानुवर्षं पडून, तोवर बँकेत सह्या कोणाच्या यावर वाद. एका छोट्या सांस्कृतिक संस्थेची पुस्तकं तयार असून यापायी प्रेसमधून उचलता आली नाहीत हे मी स्वतः पाहिलंय. सेक्शन आठ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना नफा कंपनी) काढलीत तर हे टळेल पण दरवर्षीचा कंपलायन्सचा खर्च पुस्तकाच्या बजेटवरच बसेल.

आणि देणगीदार कोण असतील ते आधी बोला. पुण्यात मोठा चेक कोण देऊ शकतं? बिल्डर आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. टेकडी फोडणाऱ्याच्या पैशातून टेकडीचं पुस्तक निघालं तर त्यात फोडल्याचं प्रकरण असेल का? कोणी धमकी देत नाही हो, फक्त पुढच्या वर्षी चेक येत नाही, आणि संपादक आपणहून परिच्छेद गाळायला शिकतो. वेताळ टेकडीवरच्या रस्त्याचा वाद किती वर्षं चाललाय, त्यावर स्पष्ट लिहिणारं पुस्तक मला हवंय आणि असल्या पैशातून ते येईल यावर माझा विश्वास नाही. बाजारातला वाचक निदान निनावी असतो, तो फोन करून सांगत नाही की अमुक प्रकरण जरा सौम्य करा.

तिसरीचा_भूगोल

तीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आपल्याकडे तिसरीला जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं भूगोलाचं पुस्तक असायचं, पुणे जिल्ह्यातल्या मुलाच्या हातात पुणे जिल्ह्याचाच नकाशा. मुलं आधी स्वतःचं गाव शोधायची, नाही सापडलं की हिरमुसायची, मग मी फळ्यावर काढून द्यायचे. त्या वयात जागेशी जे नातं जुळतं ते पुढे कशानेही जुळत नाही. तेव्हा पुस्तक मोठ्यांसाठी, 600 रुपयांचं, गुळगुळीत कागदाचं असलंच पाहिजे का? एका ओढ्याची 32 पानांची पुस्तिका, चांगला नकाशा, काठावरच्या शाळांत वाटायची. ताळेबंद ताई म्हणतायत तो मोठा चेक मग लागतच नाही, माजी विद्यार्थी हौसेने करतील.

अबचौकातला

बाई, पुस्तिका मी दुकानात ठेवीन, कमिशन न घेता ठेवीन. पण वाटू नका, दहा रुपये का होईना किंमत लावा. फुकट मिळालेलं पुस्तक लोक जपत नाहीत.

मुठेकाठचा

ताळेबंद, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. माझं म्हणणं असं की कुठल्याही एका देणगीदाराचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांच्या वर नको, बांधकाम व्यवसायातून एक रुपया नको, आणि देणगीदारांची यादी रकमेसकट प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी छापायची. संस्था मग लहान राहील, वर्षाआड एखादंच पुस्तक निघेल. चालेल मला.

कानदखोरे, विश्वस्त खोऱ्यातला असणार, मसुदा आधी गावात वाचणार, झऱ्या-टाक्यांच्या जागा नकाशावर टाकायच्या की नाही हे गाव ठरवेल, लेखी. पण जमीन कोणी विकत घेतली, डोंगर कोणी कापला हे पान मात्र गावातल्या एखाद्या वजनदार माणसाने नको म्हटलं म्हणून गाळायचं नाही. पाण्याच्या जागेबद्दल गावाचा शब्द शेवटचा, व्यवहारांबद्दल नाही.

कानदखोरे

आणि हा फरक करणार कोण? जमीन विकणारे आमच्यातलेच आहेत, कोणी पोरीच्या लग्नासाठी विकली, कोणी दवाखान्यासाठी. त्यांची नावं पुण्यातल्या पुस्तकात आली तर घेणाऱ्याचं काही बिघडत नाही, विकणाऱ्याला गावात मान खाली घालावी लागते. घेणाऱ्यांची नावं छापा, विकणाऱ्यांची नको. एवढं कबूल असेल तर मी आमच्या वाडीत बोलून बघतो, तरी मसुदा वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही.

ताळेबंद

घेणाऱ्यांची नावं छापायची तर फेरफार नोंदी जोडून छापा, आणि वकिलाचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमधे धरा. नोटीस येणारच.