आजीच्या आईवडिलांसाठी दिवा कोणत्या दिवशी लावायचा?

टिळकवाडीची नात

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तो कळायला आधी आजीबद्दल सांगावं लागेल. जरा लांबेल, वाचा.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, व्हिएन्नाची. ज्यू. जन्म १९१६ चा. आजोबा बेळगावचे, डोळ्यांचे डॉक्टर. पुढचं शिकायला तिकडे गेले आणि तिथेच दोघांची ओळख झाली. मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. त्याच आठवड्यात ज्यूंना धरून, गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावलं, भोवती बघ्यांची गर्दी. त्यात आजीचे वडील होते. ऑगस्टमध्ये ती एकटी त्रिएस्ते बंदरातून बोटीने मुंबईला आली. आजोबांशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि पुण्याहून मीटरगेज गाडीने ती बेळगावला उतरली. वय बावीस. आईवडिलांना मागाहून आणायचं ठरलं होतं. आजोबांनी हमीपत्र दिलं. एक कागद पुरा केला की दुसरा मागायचे. असं करता करता सप्टेंबर १९३९ उजाडला, युद्ध सुरू झालं आणि सगळंच थांबलं.

बेळगावात ती पंचावन्न वर्षं राहिली. बाजारात भाजीवालीशी कानडीतून घासाघीस करायची, 'स्वल्प कडिमे माड्री' म्हणायची, आणि पैसे मोजताना मात्र जर्मनमध्ये पुटपुटायची. मला 'माउझी' म्हणायची. तिच्या भाषेत छोटा उंदीर. शेजारच्यांना वाटायचं, ही नातीला मावशी का म्हणते? मी आता पन्नाशी ओलांडली, तरी कुणी मावशी म्हणून हाक मारली की आधी तीच आठवते.

तिच्या सासूबाई, माझ्या पणजी, बेळगावच्या मांड्यांत तरबेज. हातांवर कणीक खेळवत खेळवत एवढी पातळ करायच्या की पलीकडचा चुलीचा जाळ दिसावा, मग उलट्या खापरावर टाकायच्या. पहिल्या वर्षी दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एक दिवस आजीने जेवणाच्या टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलं, त्यावर मैद्याचा गोळा ठेवला आणि दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंनी तो चारी अंगांनी ओढत नेला. टेबलाच्या कडेवरून खाली लोंबेपर्यंत. कुठे भोक नाही. तिच्याकडे ह्यात सफरचंद भरतात. इथे ते कुठलं, तिने पेरू चिरून दालचिनी-साखर घालून भरले. पणजी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, 'अगं, हे तर मांडेच की!' आमच्या घरात सासूसुनेचं सूत त्या दिवशी जुळलं, असं बाबा सांगतात.

एकच गोष्ट तिला सोसायची नाही. रस्त्यावर मोठा जमाव ओरडत चालला की ती खिडक्या लावून घ्यायची आणि मुलांना आतल्या खोलीत बसवायची. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरला गेलं, तेव्हा मोर्चे रोजचेच झाले होते. बाबा शाळकरी होते, त्यांना मोर्च्यात जायचं होतं. आजीने त्यांचा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. त्या लोकांवर तिचा राग नव्हता, मराठीचा कळवळा तिलाही होता. आवाज सहन व्हायचा नाही, एवढंच.

आता दिव्याचं. आईवडील कधी गेले, कुठे गेले हे तिला कळलं नाही. युद्धानंतर एवढंच कळलं की ते घरी नाहीत आणि परतलेलेही नाहीत. तिच्या धर्मात मृत्यूच्या दिवशी चोवीस तास दिवा लावतात, पण दिवसच माहीत नाही. तेव्हा पणजींनी सांगितलं, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं आपण सर्वपित्री अमावास्येला करतो, तू त्या दिवशी लाव. आणि १९४६ पासून आजीने तो लावला. काचेच्या पेल्यात गोडं तेल, तरंगती वात, स्वयंपाकघराच्या खिडकीत. वात लावताना दोघांची नावं मोठ्याने घ्यायची, बाकी एक शब्द नाही.

आजी १९९४ मध्ये गेली. मग बाबांनी लावला. ते आता ८५ चे आहेत, हात थरथरतात, म्हणून गेल्या वर्षापासून मी लावते. तिचा पत्र्याचा डबाही माझ्याकडे आलाय. त्यात ३१ पत्रं आणि रेडक्रॉसचा एक कागद आहे.

विचारायचं ते असं. दिव्याचा खरा दिवस कोणता? कुणा ज्यू माणसाला आमचं अमावास्येचं करणं चुकीचं वाटेल का? दुसरं, १९३९ नंतरच्या पाकिटांवर पाठवणाऱ्याच्या नावात 'सारा' आहे, पण आजी आईचं नाव घ्यायची त्यात सारा कधीच नव्हतं. ही दुसरी कुणी बाई आहे का? आणि तिसरं, ही पत्रं जर्मन येणाऱ्या दोघांना दाखवली, दोघांनाही एक ओळ लागली नाही. का?

निपाणीकर

ताई, सगळं एका दमात वाचलं. तुमच्या आजी वळीवड्याच्या कॅम्पातल्या तर नव्हेत? कोल्हापूरजवळ १९४३ ते ४८ पोलंडचे पाचेक हजार लोक होते. आमचे आजोबा तिथे भाजीच्या गाड्या घेऊन जायचे, त्यांच्या तोंडी पोलिश शब्द होते.

टिळकवाडीची नात

नाही काका. वळीवड्याचे लोक रशियाने सैबेरियाकडे हाकललेले, तिथून इराणमार्गे आलेले, आणि बहुतेक ख्रिश्चन. आजी त्याआधीच इथे होती. पण तुम्ही म्हणता तो कॅम्प तिने पाहिला होता. आजोबांबरोबर एकदा गेली होती, तिथल्या बायकांचं रडणं कळतं पण भाषा कळत नाही, असं म्हणाली होती.

शनवार तेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा, आता ठाण्याला. माझी घरची भाषा मराठीच, त्यामुळे तुमचा प्रश्न दोन्ही बाजूंनी कळला. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली म्हणत. तेव्हा दिव्याच्या तेलाबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे!

आधी मनातली भीती काढून टाका. तुमच्या पणजींनी जे सुचवलं, तेच पुढे इस्राएलच्या मुख्य रब्बींनीही, म्हणजे धर्मगुरूंनीही, ठरवलं. नाझींनी मारलेल्या लाखो लोकांचा मृत्युदिन कुणालाच माहीत नाही. त्यांच्यासाठी हिब्रू पंचांगातली एकच तिथी नेमली आहे, तेवेत महिन्याची दशमी. डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी उपासही असतो आणि तिथी माहीत नसलेल्या सगळ्यांसाठी कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणतात. म्हणजे सर्वपित्रीच झाली की. हिब्रू महिनेही चंद्रावर चालतात, त्यामुळे तिथी हा शब्द मी उगाच वापरत नाही.

कद्दीशला दहा पुरुष लागतात, दिव्याला कुणी लागत नाही. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळताना लावायचा, कारण आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. गोड्या तेलाचा चालतो. नावं घ्यायची, ती तुम्ही घेताच. तुमची हरकत नसेल तर दोघांची नावं मला कळवा. आमच्या सिनेगॉगमध्ये हश्काबा म्हणतो, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना. त्याचे पैसे वगैरे काही नसतात, विचारूही नका.

मोडी आणि जर्मन

मी पुण्याला तीस वर्षं जर्मन शिकवलं, आता निवृत्त आहे. सारा कोण, ते सांगते.

सारा म्हणजे दुसरी कुणी नाही, ती तुमच्या आजीची आईच. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझींनी कायदा केला आणि १ जानेवारी १९३९ पासून तो लागू झाला. ज्यांचं नाव ऐकताच ज्यू कळत नाही अशा प्रत्येक ज्यू बाईने नावापुढे 'सारा' आणि पुरुषाने 'इस्राएल' लावायचं. पासपोर्ट, बँक, पत्र, सगळीकडे. आजीच्या वडिलांच्या पत्रांवर मधलं नाव इस्राएल दिसेल, बघा. हे लादलेलं नाव आहे. तुम्ही यद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकाला, त्यांचं साक्षपत्र भरून द्याल तेव्हा ते लिहू नका. आई-बापांनी ठेवलेलं नावच द्या.

पत्रं वाचता येत नाहीत कारण ती कुरेंट लिपीत असणार. आपल्याकडे मोडी आहे ना, तसंच. शब्द आजचेच, वळण निराळं. त्यातला 'ई' आजच्या 'एन'सारखा दिसतो, म्हणून चांगलं जर्मन येणारेही अडखळतात. १९४१ मध्ये ती शाळांतून काढून टाकली. त्याआधी शिकलेली म्हातारी माणसं तीच लिहायची. मी मोडीही वाचते आणि कुरेंटही. स्कॅन पाठवा.

आणि एक काम आजच करा. रेडक्रॉसचा कागद उलटा करून शिक्के बघा. शत्रुदेशातून जिनिव्हामार्गे येणाऱ्या त्या निरोपाला २५ शब्दांची मर्यादा होती. पुढे निरोप, मागे उत्तर. तारखा हमखास असतात. त्या तारखेनंतर शोधायचं. व्हिएन्नात ऑस्ट्रियन प्रतिकार दस्तऐवज केंद्र आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ऑस्ट्रियातून मारल्या गेलेल्या ज्यूंची नावनिहाय यादी आहे. नाव आणि जन्मतारीख टाका. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने, कुठे नेलं ते बहुतेकांचं मिळतं. फुकट आहे. पण एकट्या बसून बघू नका. घरात कुणीतरी असू द्या.

टिळकवाडीची नात

कालच्या रविवारी बघितलं. बहीण खानापूरहून आली होती, ती शेजारी बसली.

रेडक्रॉसच्या कागदावर टंकलेखन आहे, त्यामुळे ते लागलं. 'आम्ही लवकरच प्रवासाला निघतो. तब्येत बरी. बाळाला पापे. काळजी नको.' बाळ म्हणजे बाबा. पुढच्या बाजूला एप्रिल १९४२ चा शिक्का. मागच्या बाजूला आजीचं उत्तर नाही, कोरं आहे. कागद इथे पोचेपर्यंत कित्येक महिने गेले असणार.

मग यादी. दोघांची नावं एकाखाली एक आली. ६ मे १९४२ ला व्हिएन्नातून माली त्रोस्तिनेत्स. ११ मे १९४२ ला मारले. ही जागा मिन्स्क शहराजवळ, आताच्या बेलारूसमध्ये. गाडीतून उतरवून बहुतेकांना त्याच दिवशी जंगलातल्या खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या. बहिणीने लॅपटॉप मिटला आणि आम्ही बराच वेळ तशाच बसलो.

मे महिना म्हणजे आमच्याकडे पापड-सांडग्यांचे दिवस. १९४२ च्या मे महिन्यातही आजी पणजींबरोबर गच्चीवर वाळवणं घालत असेल, तिला काही माहीत नाही. ह्याच विचारापाशी मी फिरून फिरून येते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ती अमावास्येला दिवा लावत राहिली आणि खरा दिवस दर वर्षी मे महिन्यात तिच्या समोरून निघून जात होता.

शनवार तेली

११ मे १९४२ म्हणजे ईयार महिन्याची २४ तारीख. पुढच्या वर्षीची इंग्रजी तारीख मी काढून कळवतो. नावं पोचली.

टिळकवाडीची नात

उपकार कसे मानू? बाबांना काल सकाळी सांगितलं. ऐकताना ते हातातला चहाचा कप खाली ठेवायचा विसरले. मग चष्मा मागितला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलं, मे महिना उघडला आणि ११ च्या चौकोनात पेन्सिलीने दोन्ही नावं लिहिली. आई-बापांनी ठेवलेली. हात थरथरत होता म्हणून अक्षर १२ च्या चौकोनात गेलंय.

मी म्हटलं, आता ईयारच्या तिथीला लावू, अमावास्येचा नको. बाबा म्हणाले, 'अमावास्येचा बंद करायचा नाही. तो माझ्या आजीने सांगितलेला आहे.'

तर दोन्ही लावणार. बाईंना पहिली पाच पत्रं स्कॅन करून पाठवली आहेत. एका पत्रात समासात पोळपाटासारखं गोल चित्र काढलंय आणि त्याभोवती बाण आहेत. ते काय आहे तेवढं आधी सांगाल का? आजीने पहिल्या वर्षी पेरूचा तो पदार्थ कुणाला विचारून केला, हे मला ओळखायचंय.