मदत हवी आहे: यूकेत डीलरकडून घेतलेली रोटरी स्पोर्ट्स कार परत करायची आहे

सेकंडहँड गाडी, रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात). थंड असताना एका सेल्फला चालू. गरम झाली की स्टार्टर नुसता फिरतो. रोटरी टेस्टरवर मागच्या रोटरच्या तिन्ही चेंबरचे कॉम्प्रेशनचे (दाबाचे) आकडे 250 आरपीएमला 6 बारच्या खाली आले, हवेत किमान 6.8. बहुधा एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या, दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) गेलेत. डीलरने साधा पिस्टन इंजिनाचा कॉम्प्रेशन गेज लावला. तो तिन्ही चेंबरमधला मोठा आकडाच धरून ठेवतो, मग 'ओके'च येणार ना! वर म्हणतो, पावतीवर 'सोल्ड अ‍ॅज सीन' (जशी आहे तशी विकली) लिहिलंय. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यापुढे ते टिकत नाही, आणि त्यातले सदोष गाडी नाकारून पैसे परत मागायचे 30 दिवस अजून उलटलेले नाहीत.

आता तो फुकटात स्टार्टर बदलून देतो म्हणतोय. नको म्हणून गाडी नाकारल्याचं थेट ईमेलने कळवलं तर पुरेल, की रजिस्टर्ड पत्रच हवं? अनामत क्रेडिट कार्डवर भरली आहे. ग्राहक पत कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) कलम 75 खाली, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरून, बँकेकडे आत्ताच जावं का? आणि तोवर गाडी चालवणं बंदच ठेवावं ना?