आधी खुलासा, मग पास्ता
वर कुणीतरी लिहिलंय, ब्रिटनमध्ये भत्ते कापले ते बरंच झालं, आळशी लोक कामाला लागतील. 2013च्या 'बेडरूम टॅक्स'ने काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरात एक खोली जास्त निघाली की भाड्याच्या 14 टक्के मदत कापली, दोन निघाल्या तर 25. पण लहान घरात जायचं तर ते रिकामं हवं ना! मग एप्रिल 2017पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या अपत्यांसाठीची मदत नाकारली. या अपत्यांच्या नियमाचा फटका बसलेल्या निम्म्याहून जास्त घरांत कुणीतरी कमावतं होतंच. मी शनिवारी इथल्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, डबे मांडते. परवा एक बाई आली, अंगात केअर होमचा, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेचा, गणवेश. "मी नोकरी करते हं," आधी एवढं सांगितलं, मग पास्त्याचं पाकीट पिशवीत टाकलं.